मोठ्या गोळीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. बंदुकीच्या गोळीचं कूळ मात्र जरूर विचारावं. वाघाला किंवा गव्याला कोणती गोळी लागते हे त्या जनावराच्या अंगलोटावरून ठरत असेल, असा आपला समज असतो. हिंदुस्थानात ते जनावरापेक्षा शिकाऱ्याच्या खिशानं आणि सरकारच्या धास्तीनंच जास्त ठरवलं.

गोंदियाचंच उदाहरण घ्या. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमलात हा मुलूख मध्य प्रांतात होता. नागझिरा-नवेगावबांधचं रान आणि त्याला लागून धानाच्या बांध्या. रानडुक्कर आणि रोही पिकात शिरत, म्हणून राखणीला बंदूक लागे आणि ती बहुधा भरमार असे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे, गजानं ठासायचं आणि मागे टोपी बसवायची. म्हणजे प्रत्येक बार हातानंच भरलेला. शिसं पळीत वितळवून साच्यात ओतलं की गोळी तयार. वेडीवाकडी निघाली तर पुन्हा पळीत. यापेक्षा स्वस्त गोळी नंतर कधी झाली नाही.

नळीचं मापही शिशाच्या वजनावरून आलं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोअर. चौदा केल्या तर चौदा बोअर. एका पौंडात ७,००० ग्रेन, तेव्हा चौदा बोअरची गोळी बरोबर ५०० ग्रेनची, साधारण साडेबत्तीस ग्रॅमची. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

मध्य प्रांतातला अधिकारी जेम्स फॉर्सिथ यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर १८६० च्या दशकात एक पुस्तकच लिहिलं. त्याचा आग्रह असा, की गोळी गोल आणि जाड असावी, दारू भरपूर घालावी आणि नळीतल्या आट्यांचा पीळ अगदी मंद ठेवावा. पीळ जास्त असेल तर दारूच्या जोरानं मऊ शिसं आट्या सोडून घसरतं आणि नेम जातो. याच फॉर्सिथनं मध्य हिंदुस्थानच्या डोंगरांवर लिहिलेलं पुस्तक १८७१ साली आलं आणि त्याच साली तो वारला.

पुढे पितळी काडतूस आलं आणि काळ्या दारूची जागा बिनधुराच्या कॉर्डाइटनं घेतली. रिग्बी कंपनीनं १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढलं. गोळी बारीक झाली आणि वेग फार वाढला. त्या वेगात उघडं शिसं नळीतच माखून बसतं, म्हणून गोळीला धातूचं कवच चढलं. वाघासाठी टोकाशी शिसं उघडं ठेवत, म्हणजे गोळी अंगात पसरे. हत्ती-गव्यासाठी टोकही झाकलेली, खोल घुसणारी गोळी. पण कवच घरच्या पळीत होत नाही. गोळी विकत घ्यावी लागली आणि ‘परवडणारी कोणती?’ हा प्रश्न तेव्हापासून आला.

याच वेळी सरकार मध्ये पडलं. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचं माप .४५० इंच होतं आणि अशा रायफली बंडखोरांच्या हाती असण्याची भीती होती. शिकारीच्या नावावर आलेला दारूगोळा तिकडे वळेल म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० मापावर बंदी आली. बंदूक बनवणाऱ्या विलायती कंपन्यांनी मग माप थोडं सरकवलं. .४६५, .४७०, .४७५ ही सारी भावंडं त्या बंदीच्या पोटी जन्मली. त्यांतल्या .४७० च्या गोळीचं वजन ठरलं ५०० ग्रेन, म्हणजे चौदा बोअरच्या गोल गोळीइतकंच. पन्नास वर्षांच्या खटपटीनंतर वजन तेवढंच राहिलं, पण जाडी साडेसतरा मिलिमीटरवरून बारावर आली.

पुढच्या जोरदार काडतुसांना मिळालेलं मॅग्नम हे नाव शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीवरून उचललेलं. हॉलंड अँड हॉलंडचं .३७५ मॅग्नम १९१२ चं, बुडाशी पट्टा असलेलं. १९५६ मध्ये अमेरिकेत .४५८ विंचेस्टर मॅग्नम आलं. त्याच्या गोळीचा व्यास .४५८ इंच, म्हणजे बंदी घातलेल्या .४५० चाच. अमेरिकी सैन्याच्या १८७३ सालच्या .४५-७० रायफलीचाही तोच. त्यामुळे या व्यासाच्या गोळ्या आजही ढिगानं बनतात आणि स्वस्त पडतात. .४७० ला .४७४ इंचाची गोळी लागते. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण ती थोड्यांनाच लागते म्हणून महाग. म्हणजे सरकारनं बंद केलेलं माप स्वस्त राहिलं आणि त्याला पर्याय म्हणून काढलेलं महागलं.

म्हणून परदेशात स्वतः काडतुसं भरणारे सरावाला कमी वेगाची ओतीव शिशाची गोळी वापरतात आणि कवचाची शिकारीपुरती राखतात. जुन्या दुनळीत पूर्ण तांब्याची कडक गोळी घालायला जाणकार बिचकतात, कारण पातळ नळीवर ताण येतो. तिथे स्वस्त-महाग हा हिशेब नंतरचा.

आपल्याकडे लष्करी मापाबद्दलची सरकारची भीती स्वातंत्र्यानंतरही टिकली. .३०३ हे लष्कराचं माप म्हणून नागरिकाला बंद, त्याच्या जागी सरकारी कारखान्याची .३१५ रायफल. बारा बोअरच्या काडतुसावरचं ‘केएफ’ म्हणजे खडकीचा १८६९ सालचा कारखाना. गोंदियाच्या शेजारी भंडाऱ्याला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांची दारू बनते. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच धरले आहेत आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. १९७० साली नागझिरा अभयारण्य झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं वाघाची शिकार बंद केली.

तेव्हा माळ्यावरच्या पेटीत आजोबांची जुनी काडतुसं सापडली, तर ती उघडून पाहू नका, ठोकू नका, भंगारातही देऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा.