टेप कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, कामं आवरून रेडिओजवळ बसलात ना? आज आम्ही खडी, वाळू आणि सिमेंटच्या हिशोबाची गोष्ट सांगणार आहोत. "हा काय बायकांचा विषय?" असं घरातून कुणी म्हणालंच, तर त्यांनाही जवळ बोलवा. गोष्ट जुनी आहे आणि ती आपल्या सासवांपासून, आज्यांपासून सुरू होते.

1972 चा दुष्काळ आठवतो का? तेव्हा विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली आणि बायामाणसं दुष्काळी कामावर गेली. कुणी तलावाची माती उपसली, कुणी रस्त्यासाठी खडी फोडली. खडीच्या कामाची मजुरी ढिगाच्या मापावर मिळायची आणि माप असायचं ब्रासचं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा ढीग रचला की एक ब्रास भरतो. आपल्या आज्यांनी हाताला फोड येईपर्यंत हातोडा चालवला, पण टेप त्यांच्या हातात नव्हता. माप दुसऱ्याने घेतलं, आकडा दुसऱ्याने लिहिला आणि बाईने अंगठा उठवला. ढीग किती भरला हे तिला डोळ्याला दिसायचं, पण कागदावर काय आहे ते कळायचं नाही.

त्याही आधी बांधकाम चुन्याचं होतं. जुन्या किल्ल्यांवर गेलात तर दगडाची गोल खाच दिसते. तीच चुन्याची घाणी. बैल गोल फिरायचे, खाचेतलं दगडी चाक चुना आणि वाळू मळत राहायचं. कुठे त्यात गूळ घालत, कुठे बेलफळाचं पाणी. चुना भिजवायचा, मुरवायचा, मग वापरायचा. बांधकामाची घाई चालत नसे. आणि खेड्यातल्या साध्या घराला तर चुनाही नव्हता. दगड, माती, लाकूड आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, एवढ्यावर घर उभं राहायचं.

सिमेंट आलं ते दुरून. इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने 1824 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तिकडच्या पोर्टलंड दगडासारखं ते दिसतं म्हणून त्याचं नाव पोर्टलंड सिमेंट. आजही पोत्यावर हे नाव छापलेलं असतं, बघा. आपल्याकडे आधी ते बोटीतून यायचं. 1914 मध्ये गुजरातच्या पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं. पण ते आपल्या गावात पोचायला खूप वर्षं गेली. मध्ये बरीच वर्षं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परमिट काढा, अर्ज करा, वाट बघा, असा तो काळ. 1982 मध्ये नियंत्रण थोडं सैल झालं आणि 1989 मध्ये पूर्ण उठलं. तेव्हापासून तालुक्याच्या दुकानात पैसे टाकले की पोतं मिळू लागलं. पोतं सहज मिळू लागलं, पण किती पोती लागतात हे विचारायला मात्र आपण मिस्त्रीच्या तोंडाकडेच बघत राहिलो.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. चार वाजायच्या आत जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं कोसळली. हजारो माणसं गेली. दगडाच्या जाड भिंती, आत नुसता मातीचा गारा आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. दगडाला दगड धरून ठेवणारं काही नव्हतं. ज्या घराने उन्हातान्हात गारवा दिला, तेच घर अंगावर आलं.

त्यानंतरची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून आम्ही ती मुद्दाम सांगतो. 52 गावं नव्या जागी वसवली गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरं नवीन बांधायची नव्हती, होती तीच दुरुस्त करून मजबूत करायची होती. भिंतीत आरपार दगड बसवायचे, कोपरे बांधून घ्यायचे, भिंतीवरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. हे काम घरमालकानेच करून घ्यायचं होतं. तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांमधल्या बायांना पुढे आणलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. या बाया घरोघर गेल्या. सरकारी योजना काय आहे, घर कसं मजबूत करायचं, काम बरोबर झालं का, हे त्या सांगू आणि बघू लागल्या. चार भिंतींत राहणारी बाई पहिल्यांदा त्या भिंतींबद्दल अधिकाराने बोलू लागली.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने डाळीच्या गिरणीसाठी एक खोली बांधायला घेतली. पैसे बचतीचे आणि कर्जाचे. भिंती झाल्या, स्लॅबची वेळ आली. खोली 20 फूट लांब, 15 फूट रुंद. मिस्त्री म्हणाला, "चाळीस पोती लागतील." आमच्यात कुजबूज सुरू झाली. आम्ही ठरवलं, आधी हिशोब करायचा, मग पैसे द्यायचे.

तो हिशोब असा. तुम्हीही वही घ्या.

20 गुणिले 15 म्हणजे 300 चौरस फूट. स्लॅबची जाडी 5 इंच. 300 ला 5 ने गुणून 12 ने भागा, म्हणजे 125 घनफूट. एवढं काँक्रीट स्लॅबमध्ये बसणार. पण कोरडा माल 125 घनफूट आणून भागत नाही. का? एका डब्यात शेंगदाणे भरा. त्यावर ज्वारी ओता, ती फटींत जाते. मग पीठ घाला, ते ज्वारीच्या फटींत जातं. डबा तेवढाच राहतो. खडी, वाळू, सिमेंट यांचंही तसंच. म्हणून 125 ला 1.54 ने गुणायचं. उत्तर साडेएकशे ब्याण्णव घनफूट.

प्रमाण ठेवलं एकास दीड, दीडास तीन. म्हणजे सिमेंट 1, वाळू दीड, खडी 3. बेरीज साडेपाच. साडेएकशे ब्याण्णवला साडेपाचने भागलं की 35 घनफूट सिमेंट. 50 किलोचं एक पोतं मापात सुमारे सव्वा घनफूट भरतं. 35 ला सव्वाने भागा. पोती आली 28.

अठ्ठावीस! आणि मिस्त्री चाळीस म्हणतो. आमच्यातल्या दोघी पदर खोचून निघाल्याच भांडायला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "ताई, बीम कुठं धरला तुम्ही?"

आम्ही गप्प. चारी बाजूंनी बीम होता. 70 फूट लांब, 9 इंच रुंद, स्लॅबखाली एक फूट खोल. म्हणजे साडेबावन्न घनफूट. त्याच रीतीने हिशोब केला तर 12 पोती. अठ्ठावीस आणि बारा, चाळीस. मिस्त्री खरा होता. आम्ही त्याची माफी मागितली. हिशोब येत नव्हता तेव्हा आम्ही डोळे झाकून पैसे दिले असते, आणि अर्धवट आला तेव्हा एका भल्या माणसावर आळ घेणार होतो. हिशोब जसा चोराला पकडतो, तसा साव माणसाला सोडवतोही.

मग मिस्त्रीनेच आम्हाला दुसरी गोष्ट दाखवली. चाळीस पोत्यांना वाळू पाऊण ब्रास आणि खडी दीड ब्रास लागते. खडीची ट्रॉली आली, पावतीवर लिहिलं होतं एक ब्रास. आम्ही टेप लावला. आतून 9 फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि खडी भरलेली दीड फूट. गुणाकार केला तर 74 घनफूट. पाऊण ब्रासही जेमतेम! दोन ट्रॉल्या आल्या. आम्ही दोन ब्रासचे नाही, दीड ब्रासचे पैसे दिले. ट्रॉलीवाला कुरकुरला, पण टेप समोर होता.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. ओली वाळू फुगते. माप पुरं दिसतं, पण वाळू कमी असते. म्हणून ओली वाळू असेल तर थोडी जास्त धरा. आणि पाणी. 1918 मध्ये अमेरिकेत डफ अब्राम्स या अभियंत्याने दाखवून दिलं की सिमेंटच्या मानाने पाणी वाढलं की काँक्रीट कमजोर होतं. एका पोत्याला 25 ते 30 लिटर पाणी पुरे. पातळ माल ओतायला सोपा जातो, म्हणून कामावर पाणी वाढवायची सवय असते. तिथे उभं राहून बादल्या मोजा. आणि स्लॅब झाल्यावर निदान दहा दिवस तो ओला ठेवा. आम्ही वर मातीच्या आळ्या करून पाणी साठवलं होतं, पाळी लावून.

स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणाऱ्या बायांमध्ये आमच्या गटातल्या एकीची सासू होती. बहात्तर साली खडी फोडलेली. दुपारी ती ट्रॉलीजवळ आली, टेप हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "तेव्हा हा आमच्याकडं असता तर!" त्यापुढे ती काही बोलली नाही. घमेलं उचललं आणि गेली.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम. घरकुल असो, शौचालय असो, गटाची खोली असो, आपल्या घरच्या एका खोलीची लांबी, रुंदी मोजा आणि तिच्या स्लॅबला किती पोती लागतील ते काढा. बीम धरायला विसरू नका. गटाच्या बैठकीत वह्या ताडून बघा. टेप दुकानात मिळतो, गटासाठी एक घेऊन ठेवा. पुढच्या वेळी आपण लोखंडाच्या सळ्यांचा हिशोब शिकू. नमस्कार.