कवळीच्या ॲक्रिलिकचे दृढीकरण

सर्व दात पडलेल्या तोंडात बसविण्यात येणाऱ्या कृत्रिम दंतपंक्तीस कवळी म्हणतात. तिचे दात ज्यात रोवलेले असतात व जो भाग हिरड्यांवर, वरच्या जबड्यात टाळूवरही टेकतो, तो कवळीचा तळ होय. १९४० च्या दशकापासून हा तळ मुख्यत्वे पॉलिमिथिल मिथॅक्रिलेट या ॲक्रिलिक बहुवारिकाचा (लहान रेणू परस्परांस जोडून बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थाचा) करण्यात येतो. हा पदार्थ हलका, स्वस्त व हिरडीच्या रंगाचा असला, तरी ठिसूळ असतो. त्याचे इतर गुण न गमावता त्यास बळकटी कशी आणावी, हा दंतवैद्यकातील जुना प्रश्न आहे.

इतिहास : प्राचीन काळापासून कृत्रिम दातांसाठी हाडे, हस्तिदंत इ. पदार्थ वापरले जात. ते तोंडात कुजत व त्यांना दुर्गंधी येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये चिनी मातीच्या कवळ्या तयार झाल्या. पण भाजताना त्या आकसत व आघाताने फुटत. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावला व पुढे कठीण रबराच्या (व्हल्कनाइटाच्या) कवळ्या प्रचारात आल्या. त्यांच्यामुळे कवळी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तथापि अमेरिकेत एकस्वधारक कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवानाशुल्क वसूल करी. हा वाद इतका विकोपास गेला की, १८७९ मध्ये कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांची सॅन फ्रान्सिस्को येथे एका दंतवैद्याने हत्या केली. व्हल्कनाइट टिकाऊ होते, पण त्याचा रंग हिरडीशी जुळत नसे.

१९३७ मध्ये अमेरिकन दंतवैद्य वॉल्टर राइट यांनी ॲक्रिलिकच्या कवळ्यांसंबंधीचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धातील रबराच्या टंचाईमुळे या पदार्थाचा प्रसार अधिकच झपाट्याने झाला. भुकटी व द्रव कालवून केलेला लगदा साच्यात दाबावयाचा व गरम पाण्यात घट्ट करावयाचा, अशी ही कृती असल्याने ती साध्या साधनांनी होऊ शकते. भारतातही हीच पद्धत रूढ झाली. मुंबईच्या डेंटल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या उत्पादकाचे उष्णतेने घट्ट होणारे ॲक्रिलिक भारतातील पुष्कळ चाचण्यांत तुलनेसाठी वापरले गेले आहे.

मोडण्याची कारणे : कवळी दोन प्रकारे मोडते. हातातून निसटून पडल्यास ती एकाच आघाताने फुटते. दुसरा प्रकार सावकाश घडतो. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, कवळी टाळूच्या कठीण भागावर डोलू लागते व प्रत्येक घासागणिक वाकते. सहस्रावधी वेळा वाकल्यावर सूक्ष्म तडा वाढत जाऊन वरची कवळी बहुधा मध्यरेषेवर दुभंगते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णतेने घट्ट केलेल्या ॲक्रिलिकचे नमनबल (वाकविताना मोडण्यास होणारा विरोध) किमान ६५ मेगापास्कल असावे लागते. जोडलेली कवळी मात्र मूळच्या कवळीइतकी बळकट नसते.

दृढीकरणाचे प्रयत्न : प्रथम धातूच्या तारा व जाळ्या घालण्यात आल्या, परंतु ॲक्रिलिक धातूस नीट चिकटत नसल्याने तारेलगतच तडे जात. रबर मिसळल्याने आघातबल वाढले, पण ताठपणा घटला. कार्बन तंतूंनी बळ आले, मात्र त्यांचा काळा रंग नको होता. काचेचे तंतू त्या मानाने सोयीचे ठरले.

एकविसाव्या शतकात अब्जांशकणांकडे (सु. १ ते १०० अब्जांश मीटर आकाराच्या कणांकडे) लक्ष वळले. झिर्कोनिया, टिटॅनिया, सिलिका व ॲल्युमिना यांचे कण अल्प प्रमाणात भुकटीत किंवा द्रवात मिसळतात. तेवढ्याच वजनात कणांचा व्यास दशांश केल्यास त्यांचे एकूण पृष्ठफळ दसपट होते. त्यामुळे बहुवारिकाशी संपर्क वाढून तड्याच्या मार्गात अडथळे येतात. मात्र कण सुटे राहून ॲक्रिलिकशी जोडले जावे लागतात. यासाठी त्यांवर सिलेन संयुगाचा लेप देतात. त्याचा एक टोकाचा गट कणाच्या पृष्ठभागाशी, तर दुसरा घट्ट होत असलेल्या ॲक्रिलिकशी बद्ध होतो. प्रमाण वाढविल्यास कणांचे पुंजके बनून तेच दुबळे बिंदू ठरतात. म्हणूनच एका मर्यादेपलीकडे बळ घटते. चांदीच्या कणांचा उद्देश वेगळा आहे : कवळीवर वाढणाऱ्या कँडिडा या कवकास ते रोखतात, पण रंग काळवंडवितात.

मूल्यमापन : यातील बहुतेक निष्कर्ष प्रयोगशाळेतील पट्ट्यांवरचे आहेत. लाळेत अनेक वर्षे भिजणारी, रोज घासली जाणारी व चावताना वाकणारी कवळी ही वेगळी कसोटी आहे. रंगातील बदल व कण बाहेर पडण्याचा संभव हेही तपासावे लागतात. या प्रश्नाचे महत्त्व मोठ्या शहरांबाहेर अधिक जाणवते. गोंदिया शहरालगतच्या कुडवा येथून नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय (स्था. १९६८) सु. १३० किमी. दूर आहे. तेथवर जाऊन नवी कवळी करून घ्यावयाची, तर वृद्ध व्यक्तीस अनेक खेपा घालाव्या लागतात. तोवर तिला मऊ भातावर भागवावे लागते. तेव्हा नवा पदार्थ केवळ बळकट असून चालणार नाही. साध्या साच्यात व गरम पाण्यात तो घडविता आला पाहिजे. ज्या सुलभतेमुळे ॲक्रिलिकने व्हल्कनाइटास मागे टाकले, तीच त्याच्या सुधारणेचीही कसोटी आहे.