नेवाशाचे श्रोते आणि दूरचित्रवाणीचे प्रेक्षक

जी वस्तु मनुष्याला आवडत नाहीं ती तो सहसा टाकून देतो. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या बाबतींत मात्र तो रोज रात्रीं त्यांना नांवेंही ठेवतो आणि रोज रात्रीं त्या पाहतोही. कोणत्याही सुशिक्षित घरांत जेवणाच्या वेळीं कान द्यावा, म्हणजे तींच गाऱ्हाणीं ऐकूं येतील. कथानक पुढें सरकत नाहीं. एका थपडेसाठीं चार जणांचे चेहरे तीन-तीन वेळां दाखविले जातात. कालपर्यंत नायिका म्हणून पाहिलेली मुलगी आज नाहींशी होऊन तिच्या जागीं दुसरीच येते आणि तिच्या सासरच्या मंडळींना त्याचा पत्ताही नसतो. चांगली चाललेली मालिका एकाएकीं बंद होते, आणि जिला केव्हांच मूठमाती मिळावयास हवी होती ती ‘दहा वर्षांनंतर’ अशी पाटी लावून पुन्हां उभी राहते. या गाऱ्हाण्यांत खोटें कांहींच नाहीं. परंतु तीं नवीं आहेत ही समजूत इतिहासास धरून नाहीं. वक्त्याच्या पाल्हाळाविषयीं श्रोत्याची कुरकुर मराठी वाङ्मयाइतकीच जुनी आहे; आणि तिचा एक प्राचीन पुरावा, २०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या आपल्या अहमदनगर जिल्ह्यांतच सांपडतो.

प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली अशी परंपरा आहे तो पैसाचा खांब आजही तेथें उभा आहे. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, गुरु निवृत्तिनाथ जवळ होते आणि भोंवतीं श्रोते बसले होते. या ग्रंथाच्या तत्त्वज्ञानाविषयीं व काव्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांतील श्रोत्यांकडे मात्र आपलें लक्ष कमी जातें. वस्तुतः ते श्रोते त्या ग्रंथांतील एक पात्रच आहेत. ते संतोष पावतात, उतावळे होतात, आणि वक्ता उपमांच्या भरांत दूर गेला म्हणजे त्याला मूळ विषयाकडे वळवितात. ज्ञानेश्वरही त्यांचें मन ओळखूनच बोलतात. तेराव्या अध्यायांत अहिंसेचें विवरण लांबलें तेव्हां त्या विस्ताराचें समर्थन त्यांनीं श्रोत्यांपुढेंच केलें आहे. नवव्या अध्यायाचा आरंभ तर श्रोत्यांचें अवधान मागण्यानें होतो. आणि हें मागणें प्रौढीचें नसून विनवणीचें आहे, असेंही ते लागलीच सांगतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गीतेचे श्लोक सातशें. त्यांवर ज्ञानेश्वरींत ओव्या नऊ हजार. तरी त्यांत ‘पाणी घातलें’ असें आजवर कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट २००१ पासून २०१३ पर्यंत चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले, आणि लांबणीचा विषय निघाला कीं आजही तिचें नांव पहिलें घेतलें जातें. तेव्हां लांबी हा स्वतः दोष नव्हे. श्रोत्याचें अवधान आपण मागून घेतलें आहे आणि त्याचा मोबदला आपणांस द्यावयाचा आहे, ही जाणीव वक्त्यास आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

ही जाणीव केवळ संतांच्या ठायींच होती असें नाहीं. ती त्या काळच्या व्यवहारांतच मुरलेली होती. राहुरी तालुक्यांतील ताहराबादचे महीपति यांनीं १७६२ सालीं ‘भक्तविजय’ पुरा केला. गांवोगांवच्या देवळांतून त्यांच्या संतचरित्रांचें वाचन होऊं लागलें, आणि कीर्तनकारांनीं आपलीं आख्यानें त्यांतून उचललीं. कीर्तनांत पूर्वरंगाचें निरूपण रुक्ष होऊं लागलें कीं मागच्या रांगेंतले लोक उठूं लागत. बुवांना तें समोरच दिसे, आणि कथा लागलीच आख्यानाच्या वाटेला लागे. श्रोत्याचा हुंकार हा कीर्तनाचा अर्धा ताल होता. तो थांबला म्हणजे बुवांना टाळ चुकल्यासारखें होई.

तमाशाच्या फडांत तर श्रोत्याचा अधिकार याहूनही उघड असे. संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा ही प्रसिद्ध पवळाबाईची जन्मभूमि. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्या तिनें मुंबईपर्यंत गाजविल्या. त्या बोर्डापुढें बसणारा रसिक कांहीं मौनव्रत घेऊन बसत नसे. लावणी पसंत पडली तर दौलतजादा होई, नाहीं पडली तर आरोळी उठे. आणि त्या आरोळीला सोंगाड्या तेथल्या तेथें असें उत्तर देई कीं ओरडणाराच ओशाळावा. नापसंती हाही खेळाचाच एक भाग होता.

संगीत नाटकाच्या प्रेक्षकानें मात्र या अधिकाराचा कधीं कधीं अतिरेक केला, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून पदांची गोडी लोकांस अशी लागली कीं ‘वन्समोअर’च्या गजरांत कथानक वाटेंतच बसून राही. नाटक उत्तररात्रीपर्यंत लांबलें तर त्याचें निम्मे पाप प्रेक्षकांच्या पदरीं घालावें लागेल. पण ही चूक दुरुस्त होण्याची वाटही मोकळी होती. लांबलेल्या नाटकांस आणि पदांच्या सुकाळास विटलेल्या मंडळींनीं ‘नाट्यमन्वंतर’ संस्था काढून १ जुलै १९३३ रोजीं ‘आंधळ्यांची शाळा’ हें आटोपशीर, थोड्या पदांचें नाटक करून दाखविलें. प्रेक्षकांचा कंटाळा हा असा नव्या कलेचा जनक होऊं शकत होता. कारण तो ज्याच्यापर्यंत पोहोंचावयास पाहिजे त्याच्यापर्यंत पोहोंचत होता.

हा धागा प्रथम तुटला तो बोलपटानें. आणि येथेंही नगरचाच एक माणूस आपल्या साक्षीस येतो. १९१८ सालीं अहमदनगरला जन्मलेल्या शाहू मोडकांनीं १९४० सालीं ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटांत ज्ञानेश्वरांची भूमिका केली. नगर जिल्ह्याच्या भूमींत साडेसहाशें वर्षांपूर्वीं झालेली घटना नगरच्याच नटानें पडद्यावर आणावी, हा योग मोठा सुंदर खरा. पण नेवाशाच्या ज्ञानेश्वरांना श्रोत्यांचें मन समजत होतें. पडद्यावरील ज्ञानेश्वरांना समोर कोण बसलें आहे हेंही कळण्याचा मार्ग नव्हता. लोकांनीं हात जोडले काय किंवा जांभया दिल्या काय, फीत त्याच वेगानें पुढें जाणार. तरीसुद्धां प्रेक्षकाच्या हातीं एक शस्त्र उरलें होतें. खेळ वाईट असला तर तो दुसऱ्या दिवशीं तिकीट काढीत नसे, आणि रिकाम्या खुर्च्या थिएटरच्या मालकाला हुंकाराइतक्याच स्पष्ट ऐकूं येत.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरूं झालें. पुढील वर्षीं सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलें. पुण्याहून नगर सुमारें १२० किलोमीटर. इतक्या दूरच्या गांवीं चित्र पकडावयाचें तर गच्चीवर उंच नळ उभारून त्यावर अँटेना बसवावी लागे, आणि एवढें करूनही पडद्यावर मुंग्याच अधिक दिसत. एकानें वर जाऊन अँटेना फिरवावी आणि दुसऱ्यानें खालून ‘आलें, आलें, गेलें’ असें ओरडावें, हा त्या काळचा घरगुती व्यायाम होता. पुढें खेड्यापाड्यांत भारनियमन आलें, आणि नेमकी रहस्यभेदाच्या क्षणीं वीज जाण्याचा अनुभव जिल्ह्यांतील घराघरांस झाला. परंतु हीं संकटें यंत्राचीं होतीं. पोस्टांत परवान्याचे पैसे भरणारा प्रेक्षक तेव्हां दूरदर्शनचा यजमान होता. निदान त्याची तशी समजूत करून घेण्यास जागा होती. ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम शेतकऱ्यासाठीं होता, आणि तो पाहून कोणी ट्रॅक्टर विकत घ्यावा एवढ्याचसाठीं तो दाखविला जात नव्हता.

त्या काळांत पत्रालाही किंमत होती. १९८४ सालीं ‘हम लोग’ सुरूं झाली तेव्हां तींत उपदेश फार आहे, अशी आरंभींच लोकांची नाराजी झाली; तो पुढें सौम्य करण्यांत आला. त्या मालिकेस प्रेक्षकांकडून लाखों पत्रें आलीं. प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार येऊन घरच्या वडील माणसाप्रमाणें दोन शब्द बोलत. कीर्तनांतील बुवांची ती दूरची आठवण होती.

मग बिघडलें कोठें? दूरदर्शनवर जाहिराती १९७६ सालींच आल्या होत्या, आणि परवाना १९८०–९० च्या दशकाच्या मध्यास रद्द झाला. पुढें १९९२ पासून खासगी हिंदी वाहिन्या आणि १९९९–२००० मध्यें खासगी मराठी वाहिन्या आल्या. या बदलाचा अर्थ आपण नीट समजून घेतलेला नाहीं. नेवाशांत दोनच पक्ष होते, वक्ता आणि श्रोता. आतां त्यांच्यामध्यें जाहिरातदार हा तिसरा पक्ष येऊन बसला. आणि तो केवळ पाहुणा नसून यजमानाच्या पाटावर बसला आहे. वाहिनी मालिका विकत नाहीं. ती मालिका पाहणाऱ्यांचें अवधान जमवून तें जाहिरातदारास विकते. प्रेक्षक गिऱ्हाईक आहे असें त्यास वाटतें, पण या बाजारांत तो माल आहे. मालानें केलेली तक्रार दुकानदार ऐकत नाहीं, यांत नवल तें काय?

एका तासांत बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात, त्यांतही दोन मिनिटें वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीचीं, असा सरकारी नियम झाला आहे. पण उत्कंठा नेमकी कोठें तोडावयाची हें ठरविण्यास त्याची हरकत नाहीं. थपडेचा आवाज तीन वेळां कां येतो याचें उत्तर लेखकाच्या बुद्धिमांद्यांत शोधण्याचें कारण नाहीं. जाहिरात संपेपर्यंत मनुष्य जागेवरून हलतां कामा नये, आणि मध्येंच आलेल्यासही सर्व कळलें पाहिजे, या दोन गरजांतून तो आवाज निघतो.

यावर असें म्हणतात कीं, आवडत नसेल तर प्रेक्षकानें बटण दाबावें. वाहिन्या जें लोक पाहतात तेंच दाखवितात. हें उत्तर वरवर बिनतोड दिसतें, पण तें तितकें खरें नाहीं. २०२० च्या सुमाराच्या अंदाजाप्रमाणें देशांत दूरचित्रवाणीचीं घरें सुमारें २१ कोटी आहेत. कोण काय पाहतो हें मोजण्यासाठीं ज्या घरांत यंत्र बसविलें जातें तीं घरें पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे सरासरीनें चार हजार घरांमागें एक. आपल्या घरीं तें यंत्र नसेल, तर आपण संतापून संच बंद केला तरी तें कोठेंही नोंदलें जात नाहीं. फडांतील आरोळी सोंगाड्यास ऐकूं जाई. आपलें बटण कोणासच ऐकूं जात नाहीं. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून त्यांचे दरमहा पैसे भरण्याची पद्धत आली. तरी पैसे भरलेल्या वाहिनीवरही जाहिराती आहेतच. २०२१ मध्यें तक्रारींसाठीं तीन पायऱ्यांची व्यवस्था नियमांत आली. ती योग्यच आहे. परंतु ती अश्लीलता, द्वेष किंवा खोटेपणा यांच्यासाठीं आहे. कंटाळा हा कोणत्याही कायद्याखालीं अपराध नाहीं, आणि नसावाही.

तथापि येथें एका प्रश्नास आपण टाळूं नये. लोक इतकें सर्व जाणूनही पाहतात कां? याचें कारण मालिकेंत नसून आपल्या घरांत आहे. मुलें परगांवीं गेलेल्या घरांत संध्याकाळीं ठराविक वेळीं कोणी तरी बोलतें, हीच सोबत असते. आणि सासू-सुनांना एकत्र बसून ज्याविषयीं निर्धोकपणें बोलतां येईल असें दुसरें कुटुंबही हाताशीं नसतें. या गरजेची थट्टा करणारास माणसांची पारख नाहीं असेंच म्हणावें लागेल. परंतु त्या गरजेची किंमत काय पडते हेंही पाहिलें पाहिजे. आपले वडील ज्या गोष्टीला रोज हसतात तीच रोज पाहतात, हें लहान मुलांना दिसत असतें. आवडनिवड आणि वर्तन यांचा कांहीं संबंध नसतो, असा धडा तीं त्यावरून घेतात. एका मालिकेच्या बिघडलेल्या कथानकापेक्षां ही हानि कितीतरी मोठी आहे.

म्हणून आपलीं गाऱ्हाणीं बंद करावींत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. उलट तीं अधिक नीट करावींत. कुठलें पात्र कां पटलें नाहीं, कुठला प्रसंग ओढून आणलेला वाटला, हें जेवतांना मुलांदेखत बोलावें, मुलांचेंही ऐकावें, आणि जें तिघांचौघांस नको झालें असेल तें खरोखरच बंद करावें. वाहिनीस तें कळणार नाहीं, पण घरास कळेल. गांवांत एखादें बरें नाटक किंवा कीर्तन असेल त्या रात्रीं तेथें जाऊन बसावें, म्हणजे आपण हंसलों किंवा उठलों तर समोरच्या माणसाच्या आवाजांत फरक पडतो, ही गोष्ट नव्या पिढीस डोळ्यांनीं दिसेल. अवधान ही श्रोत्याजवळची एकुलती एक संपत्ति आहे. ज्ञानेश्वरांनीं ती नेवाशांत मागून घेतली. जो मागत नाहीं त्याला ती फुकट द्यावी कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार अजून आपल्याच हातीं आहे.