जामगी ते टोपी

दिवाळीच्या सुमारास नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये तख्तस्नान होते. गोदावरीच्या पाण्याने गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे स्वच्छ केली जातात. त्यांत एक तोड्याची बंदूकही आहे. ती कळल्यापासून मला प्रश्न पडला : जुन्या हत्यारांत नवे यंत्र कोण बसवत असे?

तोड्याच्या बंदुकीला पेटती जामगी लागे. पावसात ती विझे, अंधारात निखारा शत्रूला दिसे. मग चकमकीचा चाप आला. १७६० मध्ये उदगीरला निजामाविरुद्ध लढलेल्या इब्राहिमखान गारद्याचा काळ तो हाच. १८०७ मध्ये फोर्साइथने स्फोटक चूर्णाच्या चापाचे पेटंट घेतले आणि पुढे तांब्याची टोपी आली. तेव्हा जुनी पिस्तुले फेकली गेली नाहीत. कारागिरांनी चकमक काढून टोपीसाठी पोकळ बोंडी बसवली, नवा घोडा जोडला. नळी आणि दस्ता तेच ठेवले.

याच वृत्तीचे टोक म्हणजे पिस्तूल-कट्यार : पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक नळी. आज ती ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली वाटते. घडवणाऱ्याला मात्र इतकेच हवे होते, की गोळी चुकली तरी हातात पाते उरावे.

शस्त्रांना झिलई देणारा, ती दुरुस्त करणारा तो शिकलगार. ‘सैकल’ म्हणजे झिलई, त्यावरून हे नाव. नांदेडात आजही त्यांची वस्ती आहे. संग्रहालयात हत्यारापुढे बहुधा मालकाचे नाव असते. त्याला दुसरे आयुष्य देणाऱ्याचे क्वचितच.