छत्तीस गुणांची आगगाडी

पत्रिका जुळवण्याची भानगड फक्त माणसांच्याच वाट्याला आली आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी एकदा खेळण्यातल्या आगगाडीच्या नादी लागून पाहावे. तिथेही वर आहे, वधू आहे, आणि 'स्थळ चांगलं आहे हो, पण जुळत नाही' म्हणून परत गेलेली स्थळेसुद्धा आहेत. वर म्हणजे कंट्रोलर. हा बाहेर बसून हुकूम सोडतो. वधू म्हणजे डीकोडर. ही इंजिनाच्या पोटात बसते, बोटाच्या पेराएवढी असते आणि हुकूम ऐकते. (आमच्या घरी हुकमाची दिशा उलट आहे, पण हा लेख आगगाडीवर आहे.)

आगगाडी खेळण्यातली असली तरी खेळणारे लहान असतात असे नाही. पुण्यात कोथरुडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तिथे मुलांना गंमत दाखवायला नेलेले बापच डोळे विस्फारून उभे राहतात आणि मुले 'बाबा, चला ना' म्हणून शर्ट ओढतात. आमच्या चिंचवडला असे संग्रहालय नाही, पण आमच्या वरच्या मजल्यावर काका आहेत. भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आठ बाय चारच्या प्लायवूडवर रूळ, बोगदा, स्टेशन, सगळे आहे. पलंग होता, तो गेला. काकू दिवाणावर झोपतात.

तर या पत्रिकांचा इतिहास.

पूर्वी हा संसार सोपा होता. रुळांत बारा व्होल्टचा डीसी प्रवाह सोडायचा. व्होल्ट वाढवले की गाडी जोरात, कमी केले की हळू, अधिक-उणे उलट केले की गाडी उलटी. पत्रिका बघण्याचे कारणच नव्हते. पण एक गोम होती. रुळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदम पळत. एकत्र कुटुंबात वडिलांनी एकाला हाक मारली की सगळीच भावंडे दचकून उभी राहत, त्यातला प्रकार. एकालाच थांबवायचे तर रुळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळे बटण लावावे लागे. म्हणजे भावंडांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडणे.

मग प्रत्येक इंजिनाला त्याच्या नावाने हाक मारता यावी म्हणून शहाणी डोकी कामाला लागली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने १९६० नंतरच्या दशकात 'ॲस्ट्रॅक' काढले; त्यावर पाच इंजिने वेगवेगळी चालत. १९७९ साली इंग्लंडच्या हॉर्नबीने 'झीरो वन' आणले, त्यात सोळा. पाच-सहा वर्षांत जर्मनीच्या मार्क्लिनने ऐंशीपर्यंत मजल मारली. सगळे हुशार, आणि हुशार माणसांचे जे होते तेच झाले. प्रत्येकाने आपापली भाषा काढली. एकाच्या कंट्रोलरचे दुसऱ्याच्या डीकोडरला कळेना. रुळांचा रोटीव्यवहार पुष्कळांत होता, पण हुकमांचा बेटीव्यवहार नव्हता.

हा पेच कंपन्यांनी नव्हे, हौशी लोकांनी सोडवला. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही १९३५ पासूनची संस्था. चाकाची कड केवढी, रुळांत अंतर किती, असले नियम ठरवण्यात तिची हयात गेलेली. तिने जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या कंपनीची पद्धत पायाला धरून एक नियमावली केली आणि १९९४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तीच डीसीसी. त्यानंतर डीसीसीवाल्या कोणत्याही कंपनीचा कंट्रोलर कोणत्याही कंपनीच्या डीकोडरशी बोलू लागला.

बँकेत बसणाऱ्या माणसाला ही डीसीसी चटकन कळते, कारण ती चेकसारखी आहे. रुळांत प्रवाह कायम भरलेला असतो आणि त्यातूनच चिठ्ठ्या धावतात. चिठ्ठीची अक्षरे दोनच, एक आणि शून्य. सेकंदाचे दहा लाख भाग करा. प्रवाहाचा अर्धा हेलकावा त्यातल्या ५८ भागांत उरकला तर 'एक', निदान १०० भाग लागले तर 'शून्य'. चिठ्ठीत आधी इंजिनाचा नंबर, म्हणजे खाते क्रमांक. मग हुकूम, म्हणजे रक्कम. शेवटी ताळा. ताळा जुळला नाही तर डीकोडर चिठ्ठी मुकाट्याने टाकून देतो. शेरा नाही, दंड नाही. कंट्रोलर तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतो. इतके समजूतदार खातेदार मी काउंटरवर पाहिलेले नाहीत. आणि बहुतेक नव्या इंजिनांचा नंबर कारखान्यातून ३ असाच येतो. घरी आणून बदलायचा. बारसे होईपर्यंत सगळीच 'बाळ', तसे.

मोठ्या रेल्वेलाही हे चुकलेले नाही. आमच्या चिंचवडवरून जाणारा खंडाळा-पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला. १९३० मध्ये डेक्कन क्वीन आली ती दीड हजार व्होल्टच्या डीसीवर. पुढे देशाने पंचवीस हजार व्होल्टचा एसी धरला आणि आमची लाइन २०१० च्या सुमारास बदलली. मुंबईच्या बाजूचे शेवटचे काम पुरे व्हायला २०१६ उजाडले. मधल्या काळात तारेतला प्रवाह वाटेतच बदले. तेव्हा दोन्ही प्रवाह कळणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने उपयोगी पडली, घरात दोन भाषा बोलणाऱ्या सुनेसारखी.

आता काकांकडे येऊ. त्यांचा कंट्रोलर १९९७ चा, मुलाने जर्मनीहून आणलेला. मुलगा तिकडेच राहिला. मागच्या दिवाळीत नातू आला, अकरा वर्षांचा. आजोबांसाठी त्याने नवे कोरे इंजिन आणले होते. नातवाचे मराठी बेताचे, आजोबांचे जर्मन मुळीच नाही; दोघांना जोडणारा पूल म्हणजे ते आठ बाय चारचे प्लायवूड. इंजिन रुळावर ठेवले. धावले. पण पुढचा दिवा लागेना. उलट दिव्याचे बटण दाबले की गाडी किंचित जोरात पळे!

काकूंनी दृष्ट काढायची तयारी केली. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तो जुना कंट्रोलर फेकून द्या. मी नवा पाठवतो."

काका काही बोलले नाहीत. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हे वाक्य पुष्कळांनी ऐकले आहे; कधी लेथबद्दल, कधी लेथवर उभ्या असलेल्या माणसाबद्दल.

दोन रात्री काका पेन्सिल घेऊन माहितीपुस्तकाशी बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यातच गाठले. "अहो, सापडलं! हा म्हातारा वेग चौदा पायऱ्यांत सांगतो. नवीन इंजिन अठ्ठावीस पायऱ्यांचं. जुन्या भाषेत जे अक्षर 'दिवा लाव' म्हणतं, तेच नव्या भाषेत 'अर्धी पायरी चढ' म्हणतं!" म्हणजे भांडण एका अक्षराचे होते. आमच्याकडे कानामात्रेवरून घरे फुटली आहेत, मग इंजिनाने काय करावे?

उपायही पुस्तकातच होता. डीकोडरच्या पोटात स्वभावाचे रकाने असतात. त्यातल्या २९ नंबरच्या रकान्यात ६ होते, तिथे काकांनी ४ केले. नव्या इंजिनाने अठ्ठावीस पायऱ्यांचा हट्ट सोडला. काकांनी बटण दाबले, दिवा लागला. "आजोबा, आता तो ऐकतो!" नातू ओरडला. काकांनी चष्मा पुसला. बोगद्याजवळ धूळ फार, असे म्हणाले.

नव्याने जुन्याशी जुळवून घेतले, यात इंजिनाचा मोठेपणा नाही. तो मोठेपणा त्या हौशी नियम लिहिणाऱ्यांचा आहे. नवी भाषा ठरवताना त्यांनी जुनी खोडली नाही. एका रकान्यात तिला जागा ठेवली. जागा ठेवलेली असली की कोणाला फेकून द्यावे लागत नाही. आमच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांसाठी अशी जागा क्वचित ठेवतात आणि माणसांसाठी त्याहून क्वचित.

राहता राहिला हिशोब. अठ्ठावीसपैकी चौदा पायऱ्या जुळल्या, म्हणजे बरोबर निम्म्या. लग्नाच्या पत्रिकेतही छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की गुरुजी 'करायला हरकत नाही' म्हणतात. बाकीचे अठरा नवराबायकोने मिळून आयुष्यभर शोधायचे असतात. काकूंना अजून सापडलेले नाहीत. त्या दिवाणावरच झोपतात.