गुन्हेगार जमात : कायदा गेला, शिक्का राहिला

गावात चोरी झाली की पहिला प्रश्न येतो, "पारध्यांची पालं कुठं पडलीत?" बारामती-इंदापूर पट्ट्यात काम करताना आम्ही हा प्रश्न बागायतदारांच्या ओट्यावर ऐकला, तसा आपल्याच वस्तीतही ऐकला. पुरावा कोणाच्याच हाती नसतो, पण आरोपीची जात ठरलेली असते. हा शिक्का आला कुठून, हे आंबेडकरी तरुणांनी समजून घेतलेच पाहिजे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, हा युक्तिवाद त्याच्या समर्थनात मांडला गेला. म्हणजे मनूचेच तत्त्व इंग्रजी कायद्याच्या भाषेत आले! सरकारने एकदा जमात जाहीर केली की तो निर्णय कोर्टातही तपासता येत नसे. नावनोंदणी, हजेरी, गावाबाहेर जायला पास. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. इंदापूरहून हमरस्त्याने सरळ गेले की लागणाऱ्या सोलापुरात माणसांना कुटुंबासह काटेरी तारांच्या आत ठेवले गेले. तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो.

आपल्या समाजालाही याच सरकारने शिक्का मारला होता. कोरेगावला लढलेल्या महारांना १८९० च्या दशकात 'लढाऊ जात नाही' म्हणून सैन्यभरती बंद झाली. त्याविरुद्ध १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने याच कऱ्हाकाठी, जेजुरीला, दख्खनी महारांची परिषद भरली आणि भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. आपल्या पूर्वजांनी जातीवरून ठरवलेली लायकी नाकारली. मग जातीवरून ठरवलेला गुन्हा आपण कसा मान्य करतो?

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एकत्र मोजले आणि या तिन्हींच्या अस्तित्वाचा जाब हिंदू संस्कृतीला विचारला. त्यांच्या लेखी हे तिन्ही समाज एकाच व्यवस्थेचे बळी होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांच्या नजरेत जुनेच लोक राहिले. त्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला. सुप्याच्या, कडबनवाडीच्या माळरानावर चिंकारा वाचला पाहिजे, यात वाद नाही. पण फास लावून तितर-लाव्हे धरणाऱ्या फासेपारध्याने यापुढे काय खायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. जमीन नाही, जातीचा दाखला नाही, शाळेत पोराला बाकावर शेजारी कोणी बसू देत नाही. पोट भरण्याच्या वाटा अशा बंद करायच्या आणि त्यातला एखादा वाकड्या वाटेने गेला की "बघा, जातच तशी" म्हणायचे!

हा शिक्का जीव घेतो. जून १९९८ मध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यावर नाटक उभे केले ते अहमदाबादच्या छारानगरातील बुधन थिएटरने, म्हणजे हाच शिक्का सोसलेल्या छारा तरुणांनी. ज्या मातीत हे घडले, तिथल्या आपल्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्तांना जन्मजात सराईत गुन्हेगार समजण्याची वृत्तीही फटकारली. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. त्यांच्यावर खोटी केस घालणे किंवा पोलिसांना खोटी माहिती देऊन त्यांना त्रास देणे, हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. हे कलम पालापालांवर जाऊन सांगणे आपले काम आहे.

आणि एक कडू गोष्ट. अनुसूचित जातीचा माणूस या कायद्याखाली आरोपी होत नाही. म्हणजे आपल्या वस्तीतून पारध्यावर खोटे बोट दाखवले गेले, तर अ‍ॅट्रॉसिटी आपल्याला अडवणार नाही. तिथे अडवायला फक्त धम्म आहे. माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, हे तथागतांनी सांगितले. ते फक्त आपल्यापुरते सांगितलेले नाही.

पुढच्या वेळी पोलिसांची गाडी पालांकडे वळली, तर आपले चार कार्यकर्ते तिथे उभे असले पाहिजेत आणि त्यांनी एवढेच विचारले पाहिजे : "पुरावा काय आहे?"

जय भीम!