अँग्लो-न्युबियन: नावात न्युबिया, रक्तात जमनापारी

(थ्रेड)

१/ इंग्लंडच्या थंड, दमट हवेत लहान शेतकऱ्यांच्या गोठ्यांत एक दुभती शेळी आढळते. लांब लोंबते कान, बाकदार नाक, अधिक स्निग्धांशाचे दूध. नाव अँग्लो-न्युबियन. न्युबिया म्हणजे इजिप्त-सुदानमधील नाईलकाठचा प्रदेश. मात्र या जातीच्या घडणीत भारतीय शेळ्यांचाही मोठा वाटा आहे.

२/ काळ रेल्वेच्या आगमनाचा. १८५४मध्ये लोहमार्ग मुंबईहून कल्याणला पोहोचला आणि १८५६मध्ये अंबरनाथवरून खोपोलीकडे गेला. याच दशकात मुंबई-सुएझ टपालजहाजांचे काम पी. अँड ओ. कंपनीकडे आले. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि इंग्लंडचा जलमार्ग सलग झाला.

३/ जहाजांवर शीतगृहे नव्हती. ताजे दूध हवे, तर दुभते जनावरच सोबत न्यावे लागे. गाईला जागा आणि चारा अधिक लागे; शेळी थोडक्यात भागवी. म्हणून पूर्वेकडून निघणाऱ्या जहाजांवर शेळ्या चढवल्या जात.

४/ प्रवास संपल्यावर त्यांतील काही ब्रिटिश बंदरांत विकल्या जात. यमुना-चंबळ खोऱ्यातील, इटावा परिसरातील जमनापारी आणि इजिप्तमधील जरायबी अशा लांब कानांच्या जाती या मार्गाने तेथे पोहोचल्या.

५/ ब्रिटनला त्यांची गरज होती. सामायिक कुरणांना खासगी कुंपणे पडल्यावर शेतमजुराला गाय पाळणे अवघड झाले होते. मुलांना दूध मिळायचे, तर शेळी हाच परवडणारा पर्याय होता. १८७९मध्ये ब्रिटिश गोट सोसायटी स्थापन झाली.

६/ स्थानिक शेळी काटक, थंडी सोसणारी. पण दूध बेताचे. तिचा संकर पूर्वेकडील बोकडांशी झाला आणि १९१०मध्ये अँग्लो-न्युबियनला वंशनोंदीत स्वतंत्र स्थान मिळाले.

७/ दुधाच्या प्रमाणात स्वित्झर्लंडची सानेन तिच्यापुढे आहे आणि कडाक्याची थंडीही सानेनला अधिक मानवते. स्निग्धांशात मात्र अँग्लो-न्युबियन सरस. म्हणून तिला शेळ्यांमधली जर्सी म्हणतात. पुढे उष्ण प्रदेशांतही स्थानिक शेळ्यांच्या सुधारणेसाठी ती नेण्यात आली.

८/ जातीचे नाव ब्रिटिश नोंदवहीत ठरले. त्यात 'अँग्लो' आले, 'न्युबियन' आले. भारत आला नाही. जमनापारी जपणाऱ्या चंबळकाठच्या पशुपालकांचा उल्लेख त्या नावात शोधून सापडत नाही. त्यांच्या श्रमाची खूण शेळीच्या लोंबत्या कानांत आणि बाकदार नाकात तेवढी उरली आहे.